पन्नास गुणांची खूण

“हा भात ताटात येण्याआधी शेतात ओळखू येतो. पीक फुलोऱ्यावर असताना धुऱ्यावरून चाललं, की कुणाच्या बांधीत काय रोवलंय ते नाकच सांगतं.”

मध्य प्रदेशातल्या बालाघाटमधल्या मराठी घरांच्या एका गणेशोत्सवात मी हा प्रश्न वाचला, तेव्हा पुढे बसलेल्या तिन्ही संघांतली मुलं एकमेकांकडे पाहत राहिली. ही पहिली खूण होती, पन्नास गुणांची. तिच्यामागून चाळीसची, मग तीस, वीस आणि शेवटची दहाची येणार होती. पुढची वाचायला मी कागद वर धरला तोच मागच्या खुर्च्यांतून आवाज आला, “अगा, चिन्नोर होय ते!” नातवाला घेऊन आलेल्या एक आजी होत्या. त्या स्पर्धेत नव्हत्या, त्यामुळे गुण कुणालाच देता आले नाहीत. टाळ्या मात्र त्यांनाच मिळाल्या.

बालाघाटच्या चिन्नोरला २०२१ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, ही माझ्या कागदावरची तिसरी खूण होती. स्पर्धा परीक्षांची तयारी करणाऱ्या मुलांनी ती ऐकताच हात वर केला असता. आजींना मानांकनाशी काही घेणं नव्हतं, त्यांना वास ठाऊक होता. मी गोंदियाचा, बालाघाट आमच्यापासून चाळीसेक किलोमीटरवर. तिथे प्रश्न घेऊन जायला लागल्यापासून बरीच वर्षं झाली, पण सोप्या होत जाणाऱ्या खुणांच्या या खेळात पहिली खूण कुणासाठी असते, हे मला त्या संध्याकाळी कळलं.

रीत साधी आहे. प्रश्न एक, उत्तर एक, पण प्रश्न पाच पायऱ्या उतरत येतो. वरच्या पायरीवर सगळ्यांत अवघड खूण, मग एकेक पायरी सोपी, आणि तळाशी अशी, की पाचवीतल्या मुलालाही हात वर करता यावा. जितक्या वर ओळखाल तितके गुण जास्त. एक नियम कडक ठेवावा लागतो: उत्तर चुकलं, की त्या प्रश्नापुरता तो संघ बाद. हा नियम नसला की मुलं पहिल्याच खुणेला तोंडाला येईल ते नाव ठोकून देतात, लागलं तर लागलं. नियम असला की प्रत्येक पायरीवर मुलाला स्वतःशी दोन गोष्टी पडताळाव्या लागतात: मला काय माहीत आहे, आणि त्याची मला किती खात्री आहे. दुसऱ्या गोष्टीचा सराव शाळेत फारसा होत नाही.

टीव्हीवर घराघरात पोचलेल्या ‘कौन बनेगा करोडपती’ची शिडी याच्या उलट आहे. ३ जुलै २००० ला तो कार्यक्रम सुरू झाला आणि त्याच वर्षी आपला हर्षवर्धन नवाथे पहिला करोडपती ठरला. २०१९ मध्ये अंजनगाव सुर्जीच्या बबिता ताडे, शाळेत मुलांची खिचडी शिजवणाऱ्या, एक कोटी जिंकून आल्या, तेव्हा अख्ख्या विदर्भाला आपल्याच घरचं कुणी जिंकल्यासारखं झालं होतं. तिथे प्रश्न वेगवेगळे असतात, सोप्याकडून अवघडाकडे जातात आणि चार पर्याय समोर मांडलेले असतात. आपल्या खेळात पर्याय नसतात. नाव आतूनच यावं लागतं.

हा प्रकार आकाराला आला अमेरिकेत. १९५३ मध्ये तिथल्या रेडिओवर ‘कॉलेज बोल’ नावाची महाविद्यालयांची स्पर्धा सुरू झाली. त्यावरूनच १९६२ मध्ये ब्रिटनच्या टीव्हीवर ‘युनिव्हर्सिटी चॅलेंज’ आली. प्रश्न पुरा होण्याआधी घंटी वाजवून उत्तर देण्याची मुभा या दोन्हींत होती. ती मुभा आली की प्रश्नातल्या शब्दांच्या क्रमाला महत्त्व येतं, कारण सोपी गोष्ट आधी सांगितली तर ज्याचा हात चपळ तो जिंकतो, ज्याला जास्त माहीत आहे तो नाही. म्हणून पुढे अमेरिकेतल्या विद्यार्थी स्पर्धांनी अवघडापासून सोप्याकडे असा दंडकच घालून घेतला. त्या रचनेला ते पिरॅमिड म्हणतात: टोकाशी मोजकी माणसं, पायथ्याशी सगळे. आपल्याकडे कोलकात्यात नील ओब्रायन यांनी १९६७ मध्ये खुली प्रश्नमंजूषा घेतली, मग रेडिओवरच्या बोर्नव्हिटा स्पर्धेनं आणि १९८५ पासून दूरदर्शनवरच्या ‘क्विझ टाइम’नं हे वेड घरोघरी नेलं. पण खुणेवरून वस्तू ओळखायचा खेळ आपल्याला नवा कुठे होता? लग्नात नाव घेताना आपण ज्याला उखाणा म्हणतो, त्या शब्दाचा जुना अर्थच कोडं असा आहे. उखाण्याला पायऱ्या नव्हत्या, एवढाच फरक. येतंय तर सांग, नाहीतर हार मान.

आता आजींच्या उत्तराकडे परत जातो, कारण त्या प्रश्नात माझी चूक होती आणि ती मला घरी परतताना गाडीत लक्षात आली. शेतात दरवळणारा भात एकटा चिन्नोर नाही. आपला आंबेमोहोर आहे, छत्तीसगडचा दुबराज आहे, बासमती तर आहेच. कुणी पहिल्याच खुणेला ‘दुबराज’ म्हटलं असतं, तर ते चूक ठरवायचा मला काय हक्क होता? खूण खरी होती, अवघड होती, पण एकाच उत्तराकडे बोट दाखवत नव्हती. अवघड आणि मोघम यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे. अवघड खूण थोड्यांना कळते, पण ज्यांना कळते त्यांच्या मनात शंका उरत नाही. मोघम खूण सगळ्यांनाच थोडी थोडी कळते आणि कुणालाच पुरी कळत नाही. त्यात भंडाऱ्याच्या चिन्नोरलाही स्वतंत्र मानांकन आहे. म्हणजे ‘मानांकन मिळालेला चिन्नोर कुठल्या जिल्ह्याचा’ असं विचारलं असतं, तर मी आणखी खोलात गेलो असतो.

बालाघाटवर प्रश्न काढणाऱ्याला हा धडा हा जिल्हा पावलोपावली देतो. मुळात नावच घ्या. ‘बाला’ म्हणजे वरचा, हा फारसी शब्द. बालाघाट म्हणजे घाटावरचा मुलूख. त्याची जोडी पाइनघाट, म्हणजे घाटाखालचा. जुन्या वऱ्हाडाचे हेच दोन भाग होते: पूर्णेचं सपाट खोरं पाइनघाट, आणि अजिंठ्याच्या डोंगररांगेवरचा दक्षिणेचा उंच भाग बालाघाट. अहिल्यानगरपासून मराठवाड्यात बीड, धाराशिव, लातूर अशी पसरलेली बालाघाट डोंगररांग आहे, ती तिसरीच. पुण्या-मुंबईच्या वाचकाला ‘बालाघाट’ म्हटलं की बहुधा ती रांगच आठवते. तेव्हा ‘फारसी आणि देशी शब्द मिळून झालेलं, घाटावरचा असा अर्थ असलेलं नाव’ ही खूण ऐकायला छान आहे, पण तिला तीन मालक आहेत.

मग एकच मालक असलेली खूण कुठली? मला ही सापडली: ‘नाव घाटावरचं, पण हे शहर स्वतः घाटाखाली, नदीकाठच्या सखल भागात आहे.’ १८६७ मध्ये भंडारा, मंडला आणि सिवनी जिल्ह्यांचे तुकडे जोडून हा जिल्हा बनवायला घेतला, तेव्हा इंग्रज अधिकाऱ्यांचं लक्ष होतं बैहरकडच्या डोंगराळ पठारावर. तिथे वस्ती वाढवायची, शेती न्यायची. जिल्ह्याला नाव त्या पठाराचं मिळालं. मुख्य ठिकाण ठरलं ते मात्र वैनगंगेजवळच्या खालच्या मैदानात, बुऱ्हा नावाच्या गावी, आणि कालांतराने जिल्ह्याचं नाव शहरालाही चिकटलं. ही गोष्ट पाठ करून येत नाही. बैहरची घाटवाट चढून गेलेल्याला ती जाणवते: बस वळणं घेत वर जाते, साल दाट होत जातो, आणि मनात येतं की घाटावरचं गाव तर हे, मग खाली राहिलं ते काय?

खूण म्हणजे नेमकं काय करते, हे गणितानं फार सुंदर दाखवता येतं. २०११ च्या जनगणनेत देशात ६४० जिल्हे होते. मी मनात त्यांतला एक धरला आणि तुम्ही फक्त हो-नाही उत्तराचे प्रश्न विचारू लागलात, तर किती प्रश्न लागतील? प्रत्येक प्रश्नानं उरलेले जिल्हे निम्मे होतील असे प्रश्न निवडलेत, तर दहा पुरतात, कारण दोनचा दहावा घात १,०२४ होतो. देशातल्या सुमारे साडेसहा लाख गावांतलं एक गाव वीस प्रश्नांत सापडतं, कारण दोनचा विसावा घात होतो १०,४८,५७६. अमेरिकेत आणि ब्रिटनमध्ये ‘वीस प्रश्न’ हा रेडिओवरचा लाडका खेळ होता, आणि त्यातला वीस आकडा किती पुरेसा आहे ते या हिशेबातून दिसतं. क्लॉड शॅनन यांनी १९४८ मध्ये माहिती मोजायचं शास्त्र उभं केलं, त्यात एका हो-नाहीला एक ‘बिट’ म्हटलं. आपल्या मोबाइलमधलं सगळं काही त्याच बिटांत मोजलं जातं.

आता हेच उतरत्या खुणांना लावून पाहू. ‘मध्य प्रदेशातला जिल्हा’ म्हटलं, की २०११ च्या ६४० मधले ५० उरले. ‘महाराष्ट्राला लागून’ म्हटलं, की आठ-नऊ. ‘महाराष्ट्राला आणि छत्तीसगडलाही लागून’ म्हटलं, की एकच: बालाघाट. तीन साध्या वाक्यांत खेळ संपला. यात एकही अवघड शब्द नाही, आणि नकाशा डोळ्यांसमोर असलेल्या मुलाला हे तर्कानं काढता येतं. मला अशा खुणा फार आवडतात. त्यांत पाठांतराला जागा नसते.

आणि पाठांतराबद्दल मला थोडं तळमळीनं बोलायचं आहे. आमच्या भागातल्या मुलांचं सामान्य ज्ञान जोड्यांत बांधलेलं असतं. मलाजखंड: तांबं. भरवेली: मँगनीज. कान्हा: वाघ. तिरोडी म्हटलं की मँगनीज, तिरोडा म्हटलं की वीजकेंद्र, आणि या दोन नावांतल्या एका मात्रेनं किती जणांचे गुण गेले असतील! जोडी लागली की परीक्षेत गुण मिळतो आणि विचार तिथेच थांबतो. भरवेलीपासून पंधरा मिनिटांवर राहणाऱ्या मुलाला मँगनीज कशाला लागतं असं विचारलं, तर तो म्हणतो, “स्टील.” स्टीलमध्ये ते काय करतं? गप्प. म्हणून मी मँगनीजचा प्रश्न पाच पायऱ्यांत बांधला, आणि तो बांधताना मीच सर्वांत जास्त शिकलो.

पहिली खूण अशी होती: ‘याच्या साठ्यांवर लुईस ली फर्मोर या भूशास्त्रज्ञानं १९०९ मध्ये हजारावर पानांचा ग्रंथ लिहिला, आणि याच्याबरोबर सापडणाऱ्या एका खडकाला इथल्या आदिवासी समाजाचं नाव दिलं.’ तो खडक म्हणजे गोंडाइट. तांबूस गार्नेट आणि गारगोटी यांचा बनलेला, आणि जगभरच्या भूशास्त्राच्या पुस्तकांत आजही गोंडांच्या नावानं ओळखला जाणारा. तिरोडीच्या वाट्यालाही असा मान आला होता. १९३८ मध्ये तिथल्या एका खनिजाचं नाव तिरोडाइट ठेवलं गेलं. पुढे खनिजांच्या नामावलीची फेररचना झाली तेव्हा ते नाव मागे पडलं, गोंडाइट टिकलं. बालाघाटच्या कुठल्याही शाळेच्या भिंतीवर लिहून ठेवावी अशी ही गोष्ट आहे.

दुसरी खूण: ‘१७७४ मध्ये स्वीडनमध्ये योहान गान यानं ते पहिल्यांदा वेगळं काढलं. त्याआधी कित्येक शतकं काचेचे कारागीर त्याची काळी पूड वापरत, काचेतली हिरवट झाक घालवायला.’ तिसरी पोलादाची, पण कारणासकट: ‘वितळलेल्या लोखंडातला गंधक हे स्वतःकडे ओढून घेतं. ते नसेल तर तापलेलं पोलाद लाटताना तडकतं.’ गंधक लोखंडाशी जोडला गेला की कणांच्या सांध्यांत लवकर वितळणारा थर तयार होतो आणि तापलेली पट्टी तिथेच फाटते. मँगनीज असेल तर गंधक त्याला जाऊन चिकटतो आणि लोखंड वाचतं. शिवाय पोलादात बारा-तेरा टक्के मँगनीज घातलं, की ठोके खाऊन ते आणखी कठीण होतं. रॉबर्ट हॅडफील्ड यानं हे १८८२ मध्ये शोधलं आणि रेल्वेचे रूळ जिथे एकमेकांना छेदतात तिथे आजही असलं पोलाद वापरतात. गोंदियाच्या स्टेशनात गाडी रूळ बदलताना खडखडते ना, ते क्रॉसिंग.

चौथी खूण मी बोलून सांगितली नाही, हातात दाखवली. टॉर्चचा जुना, साधा, संपलेला सेल मी घरून फोडून नेला होता. बाहेर जस्ताची डबी, मध्ये कार्बनची कांडी आणि त्या दोघांमध्ये दाबून भरलेला काळा, ओलसर लगदा. बोटाला लागला तर साबणानंही चटकन जात नाही. मुलांनी हा लगदा शंभरदा पाहिला होता आणि त्याला ‘सेलचा मसाला’ म्हणत होती. तो मसाला म्हणजे मँगनीज डायऑक्साइड आणि कोळशाची भुकटी. जस्तातून सुटलेले इलेक्ट्रॉन तारेतून, दिव्यातून फिरून परत येतात ते या लगद्याकडे. टॉर्चचा उजेड निम्मा त्याच्या जिवावर असतो. (नव्या अल्कलाइन सेलवर हा प्रयोग करू नये, त्यातला द्राव त्वचा भाजतो. हेही मी मुलांना तिथेच सांगितलं.)

पाचवीसाठी काही राखायची गरज उरली नव्हती: भरवेली, उकवा आणि तिरोडीच्या खाणी, नागपूरला मुख्यालय असलेली मॉइल कंपनी, अणुक्रमांक २५. पण त्या दिवशी चौथ्या खुणेलाच आठवीतल्या एका मुलीनं हात वर केला. तिला फर्मोर ठाऊक नव्हता, गान ठाऊक नव्हता. हातावरचा काळा डाग बघून ती म्हणाली, “काका, बाबांच्या कपड्यांना असाच लागून येतो.” आणि मग विचार करून म्हणाली, “मँगनीज.” तिला वीस गुण मिळाले. नियमानं वीसच द्यायला हवे होते, पण ते देताना मला वाईट वाटलं. मी खुणांचा क्रम चुकवला होता. तो डाग पहिल्या पायरीवर हवा होता आणि फर्मोरचा ग्रंथ दुसऱ्या.

तेव्हापासून मी खुणा दोन रांगांत लिहितो. एक रांग वाचून कळणाऱ्यांची, दुसरी पाहून-करून कळणाऱ्यांची, आणि मग त्यांची वेणी घालतो. बारशिंग्याचा प्रश्न मी असा दुरुस्त केला. आधी पहिली खूण होती शास्त्रीय नावाची: मध्य भारतातल्या या हरणाच्या उपजातीला ब्रँडर या वनाधिकाऱ्याचं नाव दिलेलं आहे. ही पुन्हा जोडीच, नाव आणि नाव. आता पहिली खूण खुराची असते: ‘याचे उत्तरेकडचे भाऊबंद तराईच्या दलदलीत राहतात, त्यांचे खूर पसरट. हा कडक जमिनीवर राहतो, म्हणून याचे खूर घट्ट.’ मुक्कीच्या फाटकाजवळच्या गावांतली मुलं, म्हणजे कान्हाच्या बालाघाटकडच्या बाजूची, इथेच सरसावून बसतात. मग आकडा येतो: १९७० मध्ये कान्हात हे फक्त ६६ उरले होते. उंच गवताची कुरणं आक्रसली होती आणि पाडसं लपवायला माद्यांना जागाच नव्हती. कुंपण घालून काही जनावरं जपली, गावं हलवून कुरणं परत वाढू दिली, आणि संख्या शेकड्यांत गेली. २०१५ मध्ये इथली काही सातपुडा व्याघ्रप्रकल्पातही नेऊन सोडली. मग राज्यप्राणी, मग कान्हाचं बोधचिन्ह झालेला ‘भूरसिंग’, आणि शेवटी दहा गुणांची: ‘याच्या नावातच आकडा आहे.’ सगळे एकदम ओरडतात. तो गलका मला हवाच असतो. तळाची खूण मिळाली नाही, तर सर्वांत धाकटा भाऊ घरी जाताना रुसलेला असतो.

वैनगंगेच्या प्रश्नात मात्र मी तळाच्याच खुणेवर आपटलो. उगम सिवनीजवळ मुंडारा गावी, आधी अर्धवर्तुळ घेणारी वाट, १८९४ च्या ‘जंगल बुक’मधला तिचा उल्लेख, हे सगळं ठीक उतरलं. शेवटी मी वाचलं, ‘विदर्भातली ही नदी, नावाच्या शेवटी गंगा, पाणी प्राणहितेला जातं.’ एका संघानं ‘पैनगंगा’ म्हटलं. मी नाही म्हणायला तोंड उघडलं आणि थांबलो. पैनगंगा वर्धेला मिळते, वर्धा वैनगंगेला मिळते आणि तिथून पुढे प्राणहिता होते. म्हणजे पैनगंगेचं पाणीही प्राणहितेतच जातं! मुलांचं उत्तर माझ्या वाक्याशी तंतोतंत जुळत होतं. मी त्यांनाही आणि ‘वैनगंगा’ म्हणणाऱ्या संघालाही गुण दिले आणि ती खूण बदलून ‘गोसीखुर्द धरण हिच्यावर आहे’ अशी केली. सोपी खूणही मोघम असू शकते.

काही खुणांना वयही असतं. ‘देशातली सर्वांत मोठी’, ‘आशियातली सर्वांत खोल’ असली विशेषणं बालाघाटला भरपूर लागतात, मलाजखंडच्या उघड्या तांबेखाणीला आणि भरवेलीच्या भुयारी खाणीला. ती मी हल्ली टाळतो. कुठे तरी नवी खाण निघते, जुनी आणखी खाली जाते, आणि मुलाच्या वहीत पाच वर्षांपूर्वीचं खरं आजचं खोटं होऊन बसतं. १ मे १९९९ आधीची पुस्तकं गोंदिया हा जिल्हाच मानत नाहीत, तो भंडाऱ्यात होता. आणि १ नोव्हेंबर १९५६ च्या आधी तर बालाघाट आणि नागपूर एकाच राज्यात होते, राजधानी नागपूर. ‘या शहराच्या राज्याची राजधानी कधी काळी नागपूर होती’ ही खूण मी एकदा चाळीस गुणांना ठेवली. कॉलेजची मुलं अडली. ज्यांचे आजोबा कोर्टकचेरीसाठी नागपूरला जात, त्या घरातल्या मुलीनं ती उचलली.

खुणा उतरत जाताना डोक्यात काय होतं, याचा अभ्यास झालेला आहे. ‘नाव अगदी ओठांवर आहे, पण येत नाही’ ही अवस्था रॉजर ब्राउन आणि डेव्हिड मॅकनील यांनी १९६६ मध्ये तपासली. विद्यार्थ्यांना कमी वापरातल्या शब्दांच्या व्याख्या वाचून दाखवल्या. ज्यांच्या ओठांवर शब्द अडला होता, त्यांना पुष्कळदा त्याचं पहिलं अक्षर सांगता आलं, उच्चारात त्याचे किती तुकडे पडतात तेही सांगता आलं. म्हणजे नाव हरवलेलं नसतं, त्याच्याकडे जाणारी वाट बुजलेली असते, आणि प्रत्येक खूण ती वाट थोडी मोकळी करते. २००६ मध्ये रोडिगर आणि कार्पिक यांनी दाखवलं, की उतारा पुन्हा पुन्हा वाचणारे पाच मिनिटांनी घेतलेल्या चाचणीत पुढे असतात, पण आठवड्यानंतर पुढे असतात ते स्वतः आठवून पाहणारे. पन्नास, चाळीस, तीस असं उतरताना मूल हेच करत असतं: तीन वेळा आत डोकावून रिकाम्या हातानं परततं, चौथ्यांदा हाताला लागतं. ते मग सुटत नाही.

म्हणून गेल्या दोन वर्षांपासून मी निम्मे प्रश्न मुलांनाच लिहायला लावतो. अट एकच: पहिली खूण खरी हवी, आणि तिला मालक एकच हवा.

खाणवस्तीतल्या सातवीतल्या एका मुलानं गेल्या गणपतीत लिहून आणलं, ‘याचा आवाज आला की आमची आई कुकर लावते.’ मी म्हटलं, “अरे, हे तर शाळेची घंटासुद्धा असेल, गाडीची शिटीसुद्धा असेल.” तो कागद घेऊन कोपऱ्यात गेला. खोडलं, लिहिलं, परत खोडलं. दहा मिनिटांनी आला. आता लिहिलं होतं, ‘हा दिवसातून ठरल्या वेळीच वाजतो. ठरल्या वेळी नाही वाजला, मधेच वाजला, तर वस्तीतल्या सगळ्या बाया दारात येऊन उभ्या राहतात.’

मी तो मोठ्यानं वाचला. शहरातली मुलं विचारात पडली. खाणवस्तीतून आलेल्या चौघांनी एकाच वेळी हात वर केले. आणि मागच्या खुर्च्यांवर बसलेल्या दोन बायकांनी हात वर केला नाही, पण एकमेकींकडे पाहिलं.

“भोंगा,” चौघांतला एक म्हणाला. मी पन्नास गुण लिहिले.